एक पायरी जास्त

वन्सं कुठेही गेल्या की आधी बसून बघायच्या. कुणाचं नवीन घर असो, शेतातली खोप असो, नाहीतर कळंबच्या फाट्यावरची एसटीची शेड असो. बोलणं नंतर. या भिंतीला पाठ लावून बसायच्या, मग उठून त्या भिंतीला. लोकांना वाटायचं पोरगी दमली, कुणीतरी पाणी आणून द्यायचं. पाणी पिऊन झालं की त्या म्हणायच्या, "दुपारचं हितं ऊन तोंडावर येत असंल न्हाय?" आणि ते खरंच येत असायचं.

वस्तीत त्यांच्याबद्दल आता एकच गोष्ट सांगतात. एवढी शिकली, आणि सख्ख्या आईच्या कार्यक्रमाला विहाराची पायरी चढली नाही. ते खरं आहे. त्या चढल्या नाहीत. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, त्यामुळे मी ऐकून घेते. पण चौथीपर्यंत शिकले आहे, दुपारी दार लोटून लिहिता येतं. म्हणून इथे लिहून ठेवते.

सुजाता त्यांचं नाव. माझ्या मालकांची बहीण, माझ्यापेक्षा वयानं लहान, पण मी कायम वन्संच म्हणत आले. मी लग्न होऊन शेळगावला आले तेव्हा त्या बारामतीला अकरावी-बारावी करत होत्या. मग पुण्याला आर्किटेक्चरच्या कॉलेजात गेल्या. तो शब्द आमच्या वस्तीत कुणाला नीट म्हणता यायचा नाही. माझे सासरे साखर कारखान्यात वॉचमन होते. ते गेटवर सगळ्यांना सांगायचे, "पोरगी विंजनेर व्हतीया."

"आबा, विंजनेर न्हाय," वन्सं म्हणायच्या.

"मग काय?"

"घर कसं असावं ते ठरवायचं."

सासरे थोडा विचार करून म्हणायचे, "ते तर ज्याचं घर तो ठरवतो की."

पहिल्या वर्षाला त्यांना सांगितलं होतं, रोजच्या वापरातली एक खोली मोजून काढून आणा. वन्संनी माझं स्वयंपाकघर निवडलं. टेप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "वैनी, हात वर करा." मी केला. "अजून वर." माझा हात फळीला कुठवर पोचतो ते मोजलं. मग मी चुलीपुढे बसले की गुडघा कुठे येतो, भाकरी थापताना कोपर भिंतीला कुठे घासतं, तेही मोजलं. मला लाज वाटत होती. मालक दारातून म्हणाले, "मापं घ्यायला शिंपी झालीस का काय?"

"व्हय. वैनीला घर शिवतीया."

पुढच्या खेपेला त्यांनी कागद आणून दाखवला. कागद दुधाच्या सायीसारखा पातळ, त्यावर काळ्या शाईच्या बारीक रेघा. वरचा पत्रा उचलून आत डोकावल्यासारखं घर काढलं होतं. एका जागी गोल होता. मी विचारलं, हे काय? म्हणाल्या, "ते तुमचं डोकं." त्या गोलापासून रांजणापर्यंत ठिपक्यांच्या रेघा होत्या, जायच्या आणि यायच्या, एकावर एक इतक्या की तेवढा कागद काळा पडला होता.

"आणि ही?"

"ही तुमची सकाळ."

मी खूप वेळ बघत राहिले. मी एवढी चालते हे मला माहीत नव्हतं. दिवसभर माझी पाठ दाराकडे असते, हेही त्या कागदावर कळलं.

पुण्यात त्या कागदाचं कौतुक झालं. एका बाईंनी विचारलं म्हणे, या गृहिणीचं नाव काय. वन्संनी सांगितलं. माझं नाव पुण्यात घेतलं गेलं. रांजण मात्र होता तिथंच राहिला. वन्संनी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, सांगून बघितलं की रांजण चुलीजवळ घेऊ. आत्याबाई म्हणाल्या, "तो तुझ्या आजीनं ठेवलाय तितं."

"आजी मेली, आई."

"रांजण न्हाय मेला."

वन्संना हसू आलं. मला नाही आलं. पाणी मी आणत होते.

दुसऱ्या वर्षापासून त्या पुठ्ठ्याची छोटी घरं करायला लागल्या. मॉडेल म्हणायच्या. नवा पुठ्ठा परवडत नव्हता, म्हणून गावातल्या जुन्या लग्नपत्रिका गोळा करायच्या. पत्रिकेची कोरी बाजू बाहेर आणि छापील बाजू आत. त्यामुळे त्यांच्या घरांना बाहेरून पांढऱ्या स्वच्छ भिंती असत आणि आत डोकावलं की नवरानवरीची नावं, मामांची नावं, मुहूर्त, जेवणाचं ठिकाण. बोटांना कायम ब्लेडचे काप. चहा समोर ठेवला तर त्यावर साय धरायची, मग थंड झालेला एका घोटात पिऊन टाकायच्या. शाईची रेघ चुकली तर ती रबरानं जात नाही. ब्लेडनं हलक्या हातानं खरवडावी लागते. त्या खरवडताना मी श्वास धरून बघत बसायची. रेघ जायची, पण तिथला कागद पातळ व्हायचा. उजेडाकडे धरला की दिसायचा.

एकदा असंच मॉडेल मांडीवर घेऊन त्या बारामतीहून इंदापूरच्या एसटीनं येत होत्या. मी माहेरच्या लग्नाहून परत येत होते, म्हणून बरोबर होते. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "खोक्यात काय हाय गं? केक?"

"घर हाय."

"कुणाचं?"

"अजून कुणाचंच न्हाय."

"मग मला दे की. माझी सून मला ओसरीत झोपवती."

सगळी गाडी हसली. वन्संनी मात्र खोकं उघडून म्हातारीला घर दाखवलं, आणि दारालगतच्या खोलीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही घ्या तुमची. खिडकी पण हाय." म्हातारी खिडकीतून आत बघायला लागली. तेवढ्यात गाडी खड्ड्यात आदळली आणि छपराचा कोपरा मोडला. म्हातारी ओशाळली. वन्सं म्हणाल्या, "असू द्या. घरी वैनी खळ करून देतील, चिकटंल." मी खळ करून दिली, आणि ते चिकटलंही. त्या दिवसांत त्यांचं असं होतं, मोडलं तर चिकटेल.

मग विहाराचं निघालं.

आमच्या वस्तीत तेव्हा विहार म्हणजे पत्र्याची एक शेड होती. आत बुद्धमूर्ती, बाहेर निळा झेंडा. पावसाळ्यात आत पाणी यायचं. ती पाडून पक्कं बांधायचं ठरलं. तात्या म्हणजे वस्तीतले मोठे, सगळे त्यांचं ऐकायचे. ते स्वतः घरी येऊन वन्संना म्हणाले, "सुजाता, बाहेरचा माणूस कशाला? आपली पोरगी शिकतीया. तू काढ." सासऱ्यांचे डोळे भरून आले होते. वन्संना कॉलेजातही त्याच वेळी एखादी सार्वजनिक इमारत करायला सांगितलं होतं. त्यांनी हीच धरली. त्या सहामाहीत दर सुट्टीला गावी यायच्या आणि शेडमध्ये जाऊन बसायच्या, सकाळी, भर दुपारी, वंदनेच्या वेळी बायकांच्या मागे.

आत्याबाईंचे गुडघे तेव्हाच गेले होते. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी केलेली. घराचा उंबरासुद्धा त्या दाराची चौकट धरून ओलांडायच्या. वन्संनी मला एकटीला सांगितलं होतं, "वैनी, मी असं करणार की आईला एक पण पायरी चढायला लागू नये."

मॉडेल घेऊन आल्या तेव्हा संध्याकाळी सगळी वस्ती शेडपुढे जमली. मी पदर सावरत एका बाजूनं मॉडेलचा पुठ्ठा धरून उभी होते. फार सुंदर होतं ते. विहार जमिनीच्या खाली होता. रस्त्यापासून हळूहळू उतरत जाणारी वाट, खाली एक चौक, चौकात झाड, आणि ठेंगण्या छपराखाली मूर्ती. वन्सं सांगत होत्या, खाली गारवा राहतो, वारं लागत नाही, ज्योत विझत नाही, म्हाताऱ्या माणसांना चालत सरळ जाता येतं. पुण्याच्या सरांना हे अतिशय आवडलं होतं. जमिनीत उतरत जाणं हीच कल्पना आहे, असं ते म्हणाले होते.

तात्यांनी विचारलं, "उतरायचं?"

"व्हय तात्या. पायऱ्या न्हायत. सरळ उतार."

"खाली?"

"खाली."

तात्यांनी चष्मा काढून हातात धरला. रागावले नव्हते. उलट फार हळू बोलले. "पोरी, वरच्या आळीचं देऊळ बघितलंस का? त्याच्या पायऱ्या बघितल्यास? माझा बाप खाली मातीत उभा राहायचा. नारळ वर फेकायचा. म्या त्याच्या धोतराला धरून. पयल्या पायरीला आमचं बोट लागलं न्हाय कधी. मग आमी बौद्ध झालो, ते सगळं सोडलं. आता एवढ्या वर्षांनी आमचं आमी बांधाय निघालो, तर आमच्यातली शिकलेली पोरगी म्हणती, खड्ड्यात उतरा."

मागून कुणीतरी म्हणालं, "गावाला वरनं बघायला बरं पडंल."

वन्संनी मॉडेल माझ्या हातातून घेतलं आणि घरी आल्या. घरी आत्याबाईंपुढे मात्र बांध फुटला. "आई, तुझ्यासाठी केलं व्हतं. तुझ्या गुडघ्यासाठी."

आत्याबाई म्हणाल्या, "माझे गुडघे माझ्यापाशी. जन्मभर वाकले म्या. बुद्धापाशी जायला पुन्यांदा खाली उतराय नको लावू मला. सरकत जाईन, पर वर जाईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं घरात नव्हत्या. वरच्या आळीतली एक बाई मला आडावर म्हणाली, "तुझी नणंद देवळापुढं मातीत का बसलीया? नवस केलाय का काय?" परत आल्या तेव्हा सलवारीला धूळ होती. चुलीपाशी बसून म्हणाल्या, "वैनी, तितनं मूर्ती दिसत न्हाय. माणसांचे पाय तेवढे दिसत्यात."

मग त्यांनी सगळं पुन्हा काढलं. या वेळी कमरेएवढं उंच जोतं. पुढे रुंद पायऱ्या, बसायला होतील अशा. भोवती पडवी. आणि बाजूच्या भिंतीला लागून एक लांब उतार, जमिनीपासून जोत्यापर्यंत वर जाणारा. मॉडेलमध्ये त्या उताराला काचकागदाची पट्टी लावली होती, पाय घसरू नये असा खरखरीत करायचा म्हणून. तात्यांनी मॉडेलभोवती फेरी मारली आणि म्हणाले, "हां. हे आपलं." आत्याबाईंनी दोन बोटं पट्टीवर टेकवली आणि माणूस चालावा तशी चालवत वर नेली. "हितनं मी," म्हणाल्या. त्या एका दिवशी वन्सं जशा दिसल्या तशा मी त्यांना आधी किंवा नंतर पाहिलेलं नाही.

पुण्यात ते नापास झालं.

हे त्यांनी मला दिवाळीत सांगितलं, लाडवाचा पाक बघता बघता. सर म्हणाले, पहिली होती ती कल्पना होती. ही पुढाऱ्याची इमारत आहे. इतकी चांगली गोष्ट तू का मोडलीस?

"मग तुमी सांगितलं न्हाय, तात्या काय म्हणाले ते?"

"न्हाय."

"का?"

"सांगितलं असतं तर माझ्या तोंडानं कळलं असतं ना सगळ्या वर्गाला, मी कुठल्या पायरीच्या खालची ते. आडनावावरनं ज्यांना कळायचं त्यांना कळलेलंच हाय. पर ते त्यांनी ओळखायचं आणि आपण सांगायचं, यात फरक हाय वैनी."

"मग काय बोललात?"

"सॉरी सर."

पाक जास्त झाला होता. तो दगडासारखा घट्ट झाला.

त्या वर्षी त्यांना ते सगळं पुन्हा करावं लागलं. सरांना हवं तसं एक वेगळंच वाचनालय काढून त्या पास झाल्या. ते वाचनालय मी पाहिलं नाही. त्यांनी गावी आणलं नाही.

इकडे विहाराचं काम सुरू झालं. वन्संचं ड्रॉइंग तात्यांच्या घरी होतं, मॉडेल टीव्हीवर ठेवलं होतं. कागदावर जसं आहे तसंच बांधायचं, असं सगळ्यांचं ठरलेलं. जोतं भरायला सगळी वस्ती राबली, मीही घमेली उचलली. जोतं कमरेएवढं आलं तेव्हा कुणाच्या तरी मनात आलं की देवळाचं किती आहे ते बघून यावं. दोघं गेले आणि पायऱ्या मोजून आले. देवळाला आपल्यापेक्षा जास्त होत्या. मग बैठक बसली. कुणी हुकूम केला नाही, कुणी भांडलं नाही. सगळ्यांना एकाच वेळी एकच वाटलं. देवळापेक्षा एक पायरी तरी जास्त पाहिजे.

जोतं छातीएवढं गेलं. जागा तेवढीच होती, रस्ता समोर. त्यामुळे पायऱ्या रुंद करता येईनात. त्या अरुंद आणि उभ्या झाल्या. उताराचं निघालं तेव्हा गवंडी म्हणाला, एवढ्या उंचीला उतार घ्यायचा तर पार शेजारच्या घरात जाईल. आणि आपल्यातलाच एक पोरगा म्हणाला, "उतार गोठ्याला असतो. जनावरं चढवायला." तात्या म्हणाले, "राहू दे मग." सासरे त्या बैठकीत होते. घरी येऊन त्यांनी आत्याबाईंना एवढंच सांगितलं, "लई उंच व्हतंय."

"होऊ द्या," आत्याबाई म्हणाल्या.

उद्घाटनाला वन्सं पुण्याहून आल्या. सकाळची वेळ, पांढऱ्या साड्या, फुलं, स्पीकर. मी त्यांच्या मागे चालत होते. वळणावर विहार दिसला आणि त्या थांबल्या. मग सवयीप्रमाणे गेल्या आणि खालच्या पायरीवर बसल्या. पायरी इतकी अरुंद होती की नीट बसताच येईना, अर्धं अंग बाहेर. पिशवीतून टेप काढला, एका पायरीची उंची मोजली, आणि टेप सोडून दिला. तो सर्रकन आत गेला.

तात्या लगबगीनं आले. "बघ, तुझंच ड्रॉइंग हाय. नुसतं जरा उचललं."

"न्हाय तात्या," वन्सं म्हणाल्या. "ही उंची तुमची. माझं ह्यात काय न्हाय."

"पोरी, तुला न्हाय कळायचं."

"कळलंय तात्या. कळलंय म्हणून तर नापास झाले."

तात्यांना ते काय होतं ते माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात आत्याबाई आल्या. पांढरी साडी, केसात फूल. मी धरायला गेले तर माझा हात झटकला. वन्सं उठून पुढे झाल्या, त्यांचाही. आत्याबाई पायऱ्यांकडे पाठ करून बसल्या आणि हातांवर जोर देऊन एकेक पायरी मागे सरकत चढायला लागल्या. साडी वर सरकत होती, मी खालून ती ओढून धरत होते. सगळी वस्ती बघत होती. स्पीकरवर वंदना चालू होती. वर पोचल्यावर आत्याबाईंनी कठड्याला धरून उभं राहून खाली बघितलं आणि हसल्या. पांढऱ्या साडीला मागे सिमेंट लागलं होतं.

"सुजे, वर ये की गं. गाव दिसतंय सगळं."

वन्सं खाली उभ्या होत्या. म्हणाल्या, "बघ तू." आणि दुपारच्या गाडीनं गेल्या.

पुढे त्या बारामतीला एका ऑफिसात लागल्या. लोकांचे बंगले काढायच्या. मी एकदा बाजाराला गेले तेव्हा भेटून आले. टेबलावर कुणाच्या तरी बंगल्याची कमान होती. त्यांनी चहा मागवला, स्वतःचा थंड होऊ दिला. गावाचं काही विचारलं नाही. निघताना म्हणाल्या, "आई जाती का अजून वर?"

"जात्यात. पौर्णिमेला."

"तशीच?"

"तशाच."

त्यांनी मान खाली घातली आणि ब्लेडनं एक रेघ खरवडायला लागल्या. रेघ निघून गेली तरी खरवडत होत्या.

आत्याबाई थंडीत गेल्या. शेवटचं वर्ष त्यांना वर जाता आलं नाही. पौर्णिमेला त्या खाली रस्त्याकडेला चटईवर बसायच्या, मूर्तीच्या दिशेला हात जोडून. तिथून मूर्ती दिसत नव्हती.

त्यांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे दिवसांचा, कार्यक्रम विहारात ठेवला. सगळे वर गेले. वन्सं नाही गेल्या. तात्यांनी वरून दोनदा हाक मारली, मालक चिडून खाली आले आणि परत गेले. लोक आपसात बोलायला लागले. मी माझ्या पोराला घेऊन पडवीच्या टोकाला बसले होते, तिथून बाजूची भिंत खाली दिसायची.

वन्सं भिंतीच्या कडेनं आल्या. तिथं गवत होतं, विटांचे तुकडे होते. जिथं उतार सुरू व्हायचा होता त्या जागी त्या थांबल्या. मग एक हात भिंतीला लावून चालायला लागल्या, अगदी सावकाश. गुडघे गेलेलं माणूस चालतं तसं, एक पाय टाकून दुसरा त्याच्याजवळ आणत. उतार जिथं जोत्याला मिळायचा होता तिथवर आल्या. त्यांचं डोकं पडवीच्या फरशीच्या थोडंसं वर येत होतं. समोर आम्हा सगळ्यांच्या चपला काढलेल्या होत्या, आणि त्यापलीकडे आमची पावलं.

त्यांनी मला बघितलं. भिंतीवरचा हात काढला, हाताला लागलेला चुना पुसला, आणि आल्या त्याच वाटेनं, तशाच सावकाश, परत खाली गेल्या. खाली जायला तिथं काही नव्हतं. जमीन सपाट होती.